चित्रकाराची मजुरीही गुंतवणुकीत धरा : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य
सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला आलात की निवेदनं देणाऱ्यांची गर्दी असते. माझं म्हणणं त्या गर्दीत दोन मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र.

मी इथल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत काही माजी विद्यार्थी आणि त्यांच्या मुलाबाळांसोबत सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर एका गेस्ट हाउसमध्ये चार दिवस राहिले. नाव मुद्दामच देत नाही. एका घरासाठी मेहेरबानी मागायची नाही, तशा सगळ्या घरांबद्दल बोलायचं आहे.

जुनं, चिऱ्याचं, कौलारू घर. राहायला चार खोल्या. एका खोलीची भिंत पिंगुळी गावच्या, चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथी कलाकाराने रंगवलेली. दुसरीत सावंतवाडीच्या गंजिफ्याची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांची, गोल पानं मोठी करून काढलेली. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानं असतात, हे आमच्या मुलांना तिथे झोपायच्या आधी मोजता मोजता कळलं. बाजारातून छापील चित्र आणून टांगलंय, असं एकही नव्हतं. आणि प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचं नाव, गाव. मी तिथे बराच वेळ थांबले. शाळेच्या समारंभांसाठी आयुष्यभर फलक रंगवले, रंगवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणातल्या खळ्यात चित्रकथीचा खेळ होता. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, हुडूक वाजवत कथा सांगायची, मग पुढचं चित्र. पुढे गावातली माणसं बसली होती आणि आम्ही पाहुणे मागे. हे मला फार आवडलं. आमच्यासाठी मांडलेला देखावा नव्हता तो, गावचाच कार्यक्रम होता, त्यात आम्हाला बसायला जागा मिळाली. कलाकाराची बिदागी आधी ठरलेली होती, पाहुण्यांपुढे ताट फिरवलं गेलं नाही.

पडवीत दर रविवारी गाबितवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या, मुलांसाठी चित्रांचा वर्ग भरतो. मालकीणबाईंनी मला शिकवायला बसवलं. मी फळ्यावर होडी काढली. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, तुमची होडी उलटतली.’ मग तिने होडीचा तोल सांभाळणारी बाजूची लाकडी उलांडी काढून दाखवली, तिला आधार देणारी आडवी लाकडं नेमकी कुठे बांधतात तेसुद्धा. समुद्र म्हणजे कागदाच्या तळाशी निळा पट्टा, असंच मी नागपुरात वर्षानुवर्षं शिकवत आले. रोज समुद्र पाहणाऱ्या त्या मुलांचं पाहणं तिथे कागदावर उतरतंय. शेजारच्या बाया भाकऱ्या करून देतात, मासे समोरच्या होडीतून येतात, ही मिळकत आहेच. पण तो रविवारचा वर्ग त्या गावात दुसरं कुणी चालवत नाही.

पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत. १ जूनपासून यांत्रिक होड्याही बंद होतात. त्या महिन्यांत मालकीणबाई चित्रकारांना पुढच्या वर्षीचं काम देतात, हंगामाच्या कमाईतून बाजूला ठेवलेल्या पैशांवर. गेल्या वर्षी त्या कर्जासाठी एका बँकेत गेल्या. ‘किती खोल्या वाढवणार? एसी बसवणार का?’ एवढंच त्यांना विचारलं गेलं. भिंती रंगवण्याची मजुरी हा खर्च कुठल्याच रकान्यात बसेना.

महोदय, खोल्या त्या वाढवणार कशा? समुद्रालगतच्या बांधकाम-मनाई पट्ट्यात स्थानिकांना घरात पाहुणे ठेवायला २०१९ च्या किनारपट्टी अधिसूचनेने मुभा दिली आहे, पण जोत्याचं क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. हा नियम मला योग्यच वाटतो. पण त्याचा अर्थ असा की असं घर मजल्यांनी वाढू शकत नाही, घरात काय घडतं त्यानेच वाढू शकतं. आणि सरकारी सवलती मोजल्या जातात त्या भांडवली गुंतवणुकीवर. मग हे घर कायमच रकान्याबाहेर राहणार.

माझी मागणी एवढीच आहे. निवास व न्याहारी योजनेत नोंदलेल्या घरांनी स्थानिक कलाकाराला बँकेतून दिलेली मजुरी गुंतवणूक म्हणून धरा. महिला उद्योजकांसाठी २०२३ चं ‘आई’ पर्यटन धोरण आहे, त्यातल्या कर्जालाही हे लागू करा. पावती असेल, कलाकाराचं नाव-गाव असेल, तर तपासायला अवघड काय आहे? सुरुवात हवी तर पर्यटन विकास महामंडळाच्याच पर्यटक निवासांपासून होऊ द्या : तारकर्लीत पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी कलाकार, चिखलदऱ्यात मेळघाटातले कोरकू कारागीर.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. गोठ्यात! गावातल्या बाकीच्या कलाकारांना पुरस्काराची नाही, वर्षभराच्या कामाची गरज आहे.

नागपूरच्या बाईने कोकणाची काळजी का करावी, असं काहींना वाटेल. आमच्याकडे नागपुरात महाल भागात चितार ओळ आहे. चिताऱ्यांची, म्हणजे मूर्ती आणि चित्रं रंगवणाऱ्यांची, म्हणून ती चितार ओळ. गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्याच हातांना वर्षभर भिंती, खोल्या, दारं रंगवायला मिळाली तर त्यांची मुलं दुसरीकडे नोकरी शोधणार नाहीत. माझ्या वर्गातली दोन मुलं तिथलीच होती. रेषेवर त्यांच्याइतका ताबा मी पुन्हा पाहिला नाही. दोघंही आज रंगकाम सोडून आहेत.

अधिवेशनाच्या धावपळीत अर्धा तास काढता आला, तर माझ्यासोबत चितार ओळीत चला. विधान भवनापासून फार लांब नाही. डिसेंबरात गणपती-देवीचा हंगाम संपलेला असतो, कारागीर बोलायला मोकळे असतात.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नागपूर