परमनंट कधी, त्याबद्दल

गॉटिंगेन, जर्मनी

तीर्थरूप आई-आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण, थंडी, खोली हे सगळं फोनवर झालंय, ते पुन्हा लिहीत नाही. आप्पा दर वेळी "परमनंट कधी?" विचारतात आणि मी विषय बदलते, म्हणून या वेळी लिहूनच पाठवते.

आप्पा, इथल्या विद्यापीठात संशोधकाला परमनंट म्हणजे बहुतेक वेळा प्राध्यापकच. तोवर सगळे करार मुदतीचे. 2007 चा कायदा आहे: पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं असं मुदतीवर ठेवता येतं. बाहेरच्या प्रकल्पातून पगार निघत असेल तर आणखी थोडं ओढता येतं. मग कायम करा, नाहीतर जाऊ द्या. विद्यापीठं सहसा जाऊच देतात. शिवाय आहे त्याच विद्यापीठात बढती मिळून प्राध्यापक होणं विरळा. दुसऱ्या गावाहून बोलावणं यावं लागतं.

त्याची रीत अशी. जाहिरात निघाली की बायोडाटा, शोधनिबंधांची यादी, पुढच्या काही वर्षांचा संशोधनाचा आराखडा, कुठून किती निधी आणला त्याचा हिशेब, शिकवण्याचा अनुभव, असं सगळं पाठवायचं. त्यातल्या मोजक्यांना व्याख्यान द्यायला बोलावतात. मग बाहेरच्या तज्ज्ञांची लेखी मतं घेऊन समिती बहुधा तीन नावं क्रमानं लावते. पहिल्याला बोलावणं गेलं की तो लॅबची जागा, यंत्रं आणि माणसं यांवर घासाघीस करतो, त्याचं नाही जमलं तर दुसऱ्याचा नंबर. जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. दुसऱ्या नंबरावरचा माणूस तेवढे महिने नुसता टांगलेला असतो, आणि घरी सांगायला त्याच्याकडे काही नसतं. मी गप्प बसते म्हणजे काही लपवते असं समजू नका.

मधली एक वाट आहे, एमी नोएथर योजना. निवड झाली तर सहा वर्षं स्वतःचा गट चालवता येतो, पण अर्ज पीएचडीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच करावा लागतो. या नोएथर बाई इथल्याच. गणिती होत्या, पण त्यांचं 1918 चं प्रमेय आम्हा भौतिकीवाल्यांना पावलोपावली लागतं. सुरुवातीची वर्षं त्यांनी इथल्याच हिल्बर्ट या बड्या गणितीच्या नावावर वर्ग घेतले, तेही बिनपगारी. आता त्यांच्या नावानं दुसऱ्यांना पगार मिळतो!

आणि "हुशार असती तर एव्हाना कायम झाली असती" म्हणणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा. मॅक्स बॉर्न हा भौतिकीतला मोठा माणूस इथंच प्राध्यापक होता. 1933 मध्ये ज्यू म्हणून त्याला पदावरून दूर केलं. सी. व्ही. रामन यांनी त्याला आपल्या बंगळूरूला, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये) नेलं. 1935-36 मध्ये तो तिथं काही महिने होता. त्याला कायमची जागा द्यावी म्हणून रामन यांनी खटपट केली, पण विरोध झाला आणि ती मिळाली नाही. 1936 मध्ये तो एडिंबरोला गेला आणि 1954 मध्ये नोबेल मिळालं. मी काही बॉर्न नव्हे, ते सांगायला काका आहेतच.

आई, लॅबमध्ये स्फोटबिट काही होत नाही. आमचा फ्रिज शून्याखाली 273 अंशांपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, नेतो. हेलियमच्या दोन जातींचं मिश्रण त्यात फिरत असतं. कुठून बारीकशी हवा शिरली तर ती आत गोठते आणि अरुंद नळी तुंबते, स्टोव्हच्या बर्नरमध्ये कचरा अडकावा तशी. पण इथं पिन चालत नाही. सगळा फ्रिज गरम करून पुन्हा थंड करायचा, त्यात दिवस जातात. म्हणून वाटेत द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला सापळा असतो, हवा तिथंच अडकते. जपायचं ते नायट्रोजनला. एक लिटर सांडलं की सातशे लिटरच्या आसपास वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन कमी पडतो. त्यासाठी अलार्म आहेत. नायट्रोजनची टाकी लिफ्टमधून एकटीच पाठवायची, आपण जिन्यानं जायचं. मी जिन्यानंच जाते.

त्या फोटोबद्दल. पुतळ्याचा मुका घेणारी मुलगी मी नव्हे, आमच्या लॅबमधली आहे, आणि ती शुद्धीत होती. इथं पीएचडीची तोंडी परीक्षा संपली की लॅबची मंडळी पुठ्ठ्याची काळी टोपी चढवतात. टोपीवर त्या माणसाच्या कामातल्या वस्तू लावलेल्या: तारा, स्क्रू, फिरणारी चक्रं, जमल्यास दिवेही. मग त्याला सजवलेल्या हातगाडीत बसवून जुन्या टाऊन हॉलपुढच्या कारंज्यापाशी ओढत नेतात. कारंज्यावर हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, 1901 पासूनचा. नव्या डॉक्टरनं वर चढून तिला फुलं द्यायची आणि मुका घ्यायचा. 1926 मध्ये यावर बंदीही आली होती, कोणी जुमानली नाही. बायकाही घेतात, पुरुषही घेतात, मोठमोठे प्राध्यापक खाली उभे राहून टाळ्या वाजवतात. टिळकवाडीत कोणी विचारलं तर पदवीदान म्हणून सांगा.

आता पैसे. कर आणि विमा मिळून पगारातले शंभरातले पस्तीस-चाळीस हातात येण्याआधीच जातात, तरी पतसंस्थेचा हप्ता पुढच्या महिन्यापासून मीच भरणार. नाही म्हणू नका. आप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नसेन, निदान एवढं तरी करू द्या.

निपाणीच्या स्थळाला नकार कळवू नका, पण दोन वर्षांनी मी कुठल्या गावात असेन ते मलाच ठाऊक नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मुलगा पुण्यात राहायचं म्हणत असेल तर तिथं आयसर ही विज्ञानसंस्था आहे, पण जागा निघायला हवी. परतणाऱ्यांसाठी पाच वर्षांची रामानुजन फेलोशिप असते, तीही कायम नोकरी नव्हे. इथं एका मुलामागे कराराची मुदत दोन वर्षं वाढू शकते. हे काकूंना अजिबात सांगू नका.

दादाच्या लग्नाची तारीख मार्चमध्ये धरू नका. तेव्हा इथल्या भौतिकीवाल्यांची मोठी अधिवेशनं असतात, आणि जागा कुठं निघणार ते तिथंच कानावर येतं. माझ्यासाठी मुहूर्त पुढे ढकला म्हणणं बरं दिसत नाही, कळतंय मला. एप्रिल-मेमध्ये निघाला तर पंधरा दिवस आधी येते आणि रुखवताचं सगळं माझ्याकडे. तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, तिकीट महाग होतं.

तुमची,
माई