अण्णांचा न्यूमोनिया आणि बारावीचा ग्रिफिथ

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

अण्णा घरी आले आणि पहिल्याच जेवणाला आमटीतल्या मिठावरून काकूंशी भांडले, हे वाचून जीव भांड्यात पडला. परवा फोनवर तू पार वैतागला होतास. ‘दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाची लस टोचली, पैसे मोजले, मग रक्तात न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा जंतू, आलाच कसा?’ बसस्टँडच्या गोंगाटात मला धड सांगता आलं नाही.

अरे, हा जंतू अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड आवरण घेऊन फिरतो. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. लस शरीराला ओळखायला शिकवते ते हे आवरण. साखरेची घडण बदलली की सीरोटाइप, म्हणजे जंतूचा प्रकार, बदलला, आणि असे सीरोटाइप शंभराहून जास्त आहेत. अण्णांच्या लसीत होते 13. त्यांचा टाइप कोणता, हे कुणी तपासलं नसणार. उपचार त्यावर ठरत नाहीत, त्यामुळे दवाखान्यात तो बघायची पद्धतच नाही.

आमच्या लॅबमध्ये मात्र तेच काम. मेंढीचं रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, याच्या वसाहती हिरवट कडेच्या, मध्ये खोलगट, थेट कॅरमच्या सोंगटीसारख्या. खोलगट का, तर हा बेटा स्वतःच स्वतःला विरघळवतो. नवीन असताना मी एक प्लेट शनिवारी तशीच ठेवून घरी गेलो. सोमवारी त्यातलं काही जगलं नव्हतं. सरांनी काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. टाइप 3 ची तऱ्हा वेगळी. त्याच्या वसाहती पाकाच्या थेंबासारख्या ओल्या, चकचकीत. तो अण्णांच्या 13 मध्ये आहे, तरी लसीला पुरता दाद देत नाही. त्याचं आवरण अंगाला सैल असतं, तुकडे सुटत राहतात, आणि आपल्या अँटिबॉडी त्या तुकड्यांनाच चिकटून बसतात.

टाइप ओळखायची रीत नॉयफेल्ड या शास्त्रज्ञाने 1902 साली दाखवली, ती अजून चालते. जंतूंत त्या टाइपचं सीरम, म्हणजे त्याच्या अँटिबॉडी असलेलं द्रव, मिसळायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. जुळलं, तर भिजलेल्या साबुदाण्यासारखी प्रत्येकाभोवती कड फुगलेली दिसते. इतक्या वर्षांनीही ते दिसलं की मी शेजारच्याला हाक मारून दाखवतो.

बारावीला ग्रिफिथ घोकलेला आठवतो? 1928, उंदीर, टाइप 2 चे आवरण गमावलेले जिवंत जंतू, टाइप 3 चे उकडून मारलेले. दोन्ही एकत्र टोचले, उंदीर मेला, आणि रक्तात जिवंत टाइप 3! आपल्याला तो डीएनएच्या धड्यात भेटला, पण जंतू बदलवणारा पदार्थ डीएनएच, हा उलगडा एव्हरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये केला. ग्रिफिथ न्यूमोनियाच्याच मागे होता. एकाच रुग्णाच्या बेडक्यात अनेक टाइप का सापडतात, हे त्याला छळत होतं. 1941 च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो गेला. त्याचा प्रयोग मात्र लहान मुलांच्या नाकात रोज चालू असतो. तिथे दोन-तीन टाइप एकत्र नांदतात, शेजाऱ्याचा डीएनए उचलतात आणि एखादा चक्क आवरण बदलतो. अमेरिकेत 2000 साली 7 टाइपांची लस आली, ते टाइप हटले आणि मोकळ्या जागेत 19ए हा टाइप फोफावला. म्हणून 2010 च्या लसीत त्यालाही घ्यावं लागलं.

आता मुद्द्याचं. म्हाताऱ्यांना हा जंतू बहुतेकदा घरातल्या पोरांकडूनच मिळतो. चिमीच्या बाळाला या लसीचे सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिन्ही डोस झालेत का बघ. 2021 पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट आहेत. अण्णांची पुढची लस त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घे, माझं नाव सांगून वाद घालू नकोस.

काकूंना नमस्कार. पुढच्या महिन्यात येतो. अण्णांना म्हणावं, बोर्डाला पावडर लावून ठेवा, मागचे पंचवीस रुपये वसूल करायचेत.

तुझा,
विन्या