सभेचा पत्ताही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारूपायी झालेले अपघात, मारहाण, धुळीला मिळालेले संसार यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमानं येतात. त्या यायलाच हव्यात. पण ती बातमी वाचून एखाद्याला 'आता पुरे' असं वाटलं, तर त्यानं त्या संध्याकाळी जायचं कुठं, हे त्या पानावर नसतं. मी दारूतून बाहेर पडलेला माणूस आहे, आजही दारू सोडू पाहणाऱ्यांच्या समूहाच्या सभांना जातो, आणि नव्यानं येणाऱ्यांशी बोलण्याचं काम बहुतेकदा माझ्याकडे असतं. त्यांच्या तोंडून एक गोष्ट परत परत ऐकतो: यायचं केव्हापासून मनात होतं, पण आत काय चालतं तेच ठाऊक नव्हतं. कुणाला वाटतं उपदेशाचे डोस मिळतील, कुणाला वाटतं सगळ्यांसमोर उभं करून झाडाझडती घेतील. नाव कुठंतरी नोंदलं जाईल आणि नोकरीवर गदा येईल, ही धास्ती तर जवळपास प्रत्येकाला असते.

यातलं काहीही होत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच एए, इथं सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, आडनावसुद्धा विचारत नाहीत. सभेत वर्गणीचं भांडं फिरतं, पण नव्या माणसानं त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. एकेक जण आपला अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एक-दीड तासात सभा संपते.

मागे एक गृहस्थ हेल्मेट मांडीवर घेऊन दाराशेजारच्या खुर्चीत बसले होते, केव्हाही उठून जाता यावं अशा बेतानं. बोलण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पाळी पुढं गेली, कुणी आग्रह केला नाही. नंतर समोरच्या बाई बोलू लागल्या. काय बोलल्या ते लिहिणार नाही, सभेतलं सभेतच राहतं. पण ऐकता ऐकता त्या गृहस्थांनी हेल्मेट खुर्चीखाली ठेवलं आणि सभा संपेपर्यंत ते हलले नाहीत. डॉक्टरांनी, घरच्यांनी त्यांना समजावलं नसेल असं थोडंच आहे? पण स्वतः त्यातून गेलेल्या माणसाचं बोलणं वेगळं लागतं. एएचा जन्मच यातून झाला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दारू सोडलेल्या बिल विल्सनला पुन्हा प्यायची ओढ लागली, तेव्हा त्यानं दुसरा मद्यपी शोधून काढला. ते होते डॉ. बॉब स्मिथ. दोघांच्या बोलण्यातून पुढं सगळं उभं राहिलं.

हे निव्वळ भावनेचं काम आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. २०२० साली वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात साडेदहा हजारांवर माणसं होती. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

एक गोष्ट मात्र ठळक छापावी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं मनाशी ठरवून एका रात्रीत दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, औषधं, गरज पडली तर दवाखाना. समूह त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

पहिली सभा रुचली नाही म्हणून परत न फिरकणारे पुष्कळ असतात, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक समूहाचा रंग वेगळा. एक पटला नाही तर दुसरा पाहावा, निदान चार-सहा सभांना बसून मग ठरवावं. देवाचं नाव आलं की काही जण बिचकतात. एएच्या मार्गातल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला उमगला तसा' या शब्दांत, आणि नास्तिक मंडळीही वर्षानुवर्षं येतात. तरीही जमत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे, मानसशास्त्राच्या आधारानं चालणारे समूह आहेत. ऑनलाइन सभाही भरतात, घराबाहेर पडणं अवघड असलेल्यांना, विशेषतः बायकांना, त्यांचा मोठा आधार असतो. आणि घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हा वेगळा समूह आहे. पिणारा यायला तयार नसला, तरी त्याची बायको, आई, भाऊ तिथं जाऊ शकतात. त्यांनी त्याच्या सुधारण्याची वाट पाहत बसू नये.

म्हणून विनंती अशी, की व्याख्यानं आणि नाटकांच्या वेळा छापता त्याच पानावर या सभांचं ठिकाण, वार, वेळ आणि मदतीचा फोन नंबर आठवड्यातून एकदा तरी छापावा. सभा खुली की बंद, तेही लिहावं. खुल्या सभेला कुणीही येऊन बसू शकतं, बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते. दारूची बातमी असेल त्या दिवशी बातमीखालीच हा मजकूर चौकटीत द्यावा. माहिती समूहांकडून सहज मिळेल, आणि वेळ-जागा बदलली तर ते तुम्हाला कळवतीलही.

वृत्तपत्रात सभासदानं आपलं नाव येऊ देऊ नये, हा आमचा दंडक आहे. तेव्हा पत्र नावाशिवाय छापावं.

आपला,
एक वाचक