साताऱ्याचे नव्हेत ते माने

कोपनहेगन, रविवार

प्रिय सुधीर,

काल ग्लिप्टोटेक एकदाचं पाहून झालं. हे संग्रहालय उभं राहिलं कार्लसबर्गच्या बिअरच्या पैशावर आणि मी तिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो एका दारुड्यापाशी! फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचा (साताऱ्याचे नव्हेत) ‘अ‍ॅब्सिंथ पिणारा’, १८५९ च्या सुमाराचा. अ‍ॅब्सिंथ म्हणजे तिकडची एक कडक, हिरवट दारू.

पुस्तकात वीतभर दिसणारा हा बुवा इथे जवळजवळ सहा फुटी कॅनव्हासवर आहे. अंगावर तपकिरी झगा, डोक्यावर उंच काळी टोपी, तीही साहेबी थाटाची. कठड्याला टेकलाय, पायाशी रिकामी बाटली लवंडलेली. शेजारी हिरवट अ‍ॅब्सिंथचा पेला. तो म्हणे मानेनं मागाहून रंगवला. पेला हाताने झाकून बघितला, तरी माणूस प्यालेलाच वाटतो.

मॉडेल म्हणून उभा राहिलेला कोलार्दे हा लूव्रच्या आसपास फिरणारा चिंध्या वेचणारा. तेव्हा कागद चिंध्यांपासून व्हायचा, त्यामुळे पाठीवर टोपली, हातात आकडा आणि कंदील घेऊन ही माणसं रात्री पॅरिसचा कचरा उपसत. चित्रात टोपली नाही, आकडाही नाही. कीव यावी असं काहीच मानेनं ठेवलेलं नाही.

मला वाटतं, सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांना तेच झोंबलं असणार. दारुडे चित्रांत पूर्वीही होते, पण डच गुत्त्यांतले, छोटे, हसवणारे. इथे कचरा वेचणारा सरदारासारखा ऐसपैस उभा, आणि ‘दारू वाईट’ असंही कुणी सांगत नाही! ही कल्पना मूळची स्पॅनिश चित्रकार वेलास्केझची, मानेनं उचललेली. त्याने इसापाला असंच फाटक्या वेशात, डोक्यापासून पायापर्यंत रंगवलं होतं. पण इसाप पडला तत्त्वज्ञ, त्याला फाटकं शोभतं. कोलार्देला ती सवलत कोण देणार? चित्र नाकारलं गेलं. चित्रकार देलाक्र्वा तेवढा बाजूने होता म्हणतात. ज्याच्याकडे माने सहा वर्षं शिकला तो कुत्यूर तर म्हणाला म्हणे, की इथे दारुडा एकच, हे चित्र काढणारा. गुरुजी जोरात होते!

आता तू विचारशीलच म्हणून सांगतो, चित्र निर्दोष नाही. पुढे टाकलेला पाय दुसऱ्याच कुणाचा आणून जोडल्यासारखा दिसतो आणि धड कमरेखाली कुठे जातं ते कळत नाही. चेहरा मात्र पक्का. टोपीच्या सावलीत अर्धा बुडालेला, आणि आपल्याकडे बघायची त्याला काही गरज पडलेली नाही.

मानेनं त्याला सोडला नाही हं. १८६२ च्या ‘म्हातारा वादक’मध्ये हाच झगा, हीच टोपी, पोराटोरांच्या घोळक्याशेजारी पुन्हा हजर. ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तुझी ताई तिकडेच असते ना? तिला जाऊन बघायला सांग, आणि तिथे तरी पाय नीट जमलाय का ते मला कळव.

तुझा,
विन्या