पक्या, नेटचं नंतर बघू, आधी दारावर पाटी लाव

स्टुटगार्ट, रविवार दुपार

प्रिय पक्या,

जर्मनीचा व्हिसा लागला, तिकिटं झाली, अभिनंदन रे! तू एका ओळीत विचारलंयस की इंटरनेट कुठलं घेऊ, आणि मी आता तुला पानंच्या पानं लिहिणारे, कारण आज रविवार आहे, इथे सगळी दुकानं बंद, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नेटपासून सुरूच होत नाही. ते सुरू होतं पत्रपेटीपासून. हसू नकोस.

आपल्याकडे पत्र म्हणजे एलआयसीची नोटीस नाहीतर लग्नपत्रिका, बाकी सगळं मोबाईलवर. इथे उलटं आहे. बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटातून पोस्टाने, टॅक्सचा नंबर पोस्टाने, विम्याचं कार्ड पोस्टाने, आणि नेटवाल्याचा राऊटरही पोस्टानेच. आता गंमत बघ, बिल्डिंगमध्ये फ्लॅटला नंबर सहसा नसतातच. पोस्टमन येतो तो पेटीवरचं आडनाव बघतो, असेल तर टाकतो, नसेल तर पाकीट परत, पत्ता अगदी बरोबर असला तरी! त्यामुळे किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि खालच्या बेलवर नाव. बऱ्याच घरमालकांना सगळ्यांच्या पाट्या एकसारख्या हव्या असतात, त्यांची ती छोटी पितळी नाहीतर प्लास्टिकची पट्टी बनून यायला आठवडे लागतात, तोवर कागदावर ठळक लिहून सेलोटेप मार, कोणी काही म्हणत नाही. आणि वहिनींनी आडनाव बदललेलं नाहीये ना? मग दोन्ही आडनावं लाव, पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे तसंच. नाहीतर तुझी पत्रं येतील आणि त्यांचं विम्याचं कार्ड फिरत बसेल.

पाटीनंतर आनमेल्डुंग. म्हणजे नगरपालिकेच्या ब्युर्गरब्युरोत जाऊन आम्ही इथे राहायला आलो अशी नोंद करायची. कायद्याने राहायला आल्यापासून 14 दिवसांत करायची असते, पण मोठ्या शहरात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, म्हणून तिकडे असतानाच ऑनलाइन बघायला लाग. घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, नुसतं भाडेकरार चालत नाही. ही नोंद झाली की दोन-तीन आठवड्यांत टॅक्स आयडीचं पत्र येतं, ते फाइलला लाव, तो नंबर जन्मभराचा असतो. (फाइल म्हणजे खरंच फाइल, ती जाडी दोन रिंगांची, पंचिंग मशीन पण घे लगेच, इथे त्याशिवाय घर पूर्ण होत नाही.)

त्याच नोंदीवरून अजून एक पत्र येतं आणि त्याला सगळे फसतात. रुंडफुंकबाइट्राग. सरकारी नाही पण सार्वजनिक असलेले एआरडी, झेडडीएफ हे टीव्ही आणि रेडिओ चालवायला प्रत्येक घराने द्यायची वर्गणी, महिन्याला 18.36 युरो, तीन महिन्यांचे एकदम 55.08. आपली माणसं म्हणतात माझ्याकडे टीव्हीच नाही, हे काहीतरी फ्रॉड आहे, आणि पत्र कचऱ्यात. अरे, 2013 पासून टीव्ही असण्या-नसण्याचा संबंधच नाही, घर आहे ना मग भरा. आमच्या टीममध्ये एकाने वर्षभर ती पत्रं फेकली, मग मागच्या सगळ्या महिन्यांचे एकदम आले आणि वर प्रत्येक उशिराला किमान 8 युरो दंड. घरटी एकच भरायचे, म्हणजे तू आणि वहिनी मिळून एक. पहिले काही आठवडे कोणाबरोबर शेअरिंगमध्ये राहणार असशील तर तो भरतोय का विचार आणि त्याचा वर्गणीचा नंबर त्या वर्गणीवाल्यांना कळव, बास.

आणि पिवळं पाकीट, म्हणजे कोर्टाचं नाहीतर सरकारी ऑफिसचं अधिकृत पत्र, आलं तर सगळं सोडून आधी ते उघड. पोस्टमन त्यावर टाकल्याची तारीख पेनाने लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून धावायला लागते, तू वाचलंस की नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. गाडीच्या दंडाविरुद्ध तक्रार करायला दोनच आठवडे असतात. पाकीट पण ठेवायचं, आतलं पत्रच नाही फक्त. सुट्टीला पुण्याला येशील तेव्हा शेजाऱ्याला पेटीची किल्ली देऊन यायचं ते याच्यासाठी.

बरं आता नेट. तुला सवय आहे की दुपारी फोन केला, संध्याकाळी पोरगा वायर घेऊन हजर, ते विसर. इथे कॉन्ट्रॅक्ट केलं की सक्रिय व्हायला दोन ते चार आठवडे धरून चाल, आणि टेक्निशियन येणार असेल तर तो "सकाळी 8 ते 12" येतो, म्हणजे तू चार तास बेलकडे कान लावून बसायचं. माझ्याकडे एका कंपनीचा माणूस आलाच नाही, वर मेल आला की ग्राहक घरी नव्हते! मी रजा टाकून घरात बसलेलो, पाटी बेलवर, सगळं. पण इथे कायदा आहे, ठरलेल्या वेळी माणूस नाही आला तर 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाचे 20 टक्के, जे जास्त असेल ते मिळतं. मी लिहून मागितले आणि बिलातून कमी झाले. रक्कम फुटकळ आहे पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कुठलं घेऊ हे मला विचारू नकोस, ते तुझ्या बिल्डिंगवर आहे. फोनच्या तारेवरचं डीएसएल, टीव्हीच्या केबलवरचं, किंवा नशीब चांगलं असेल तर फायबर, या तिन्हीपैकी तुझ्या पत्त्यावर काय येतं ते साइटवर पत्ता टाकला की दिसतं, आणि खालच्या आजींना विचारलं की त्याहून जास्त कळतं. पहिलं कॉन्ट्रॅक्ट बहुतेक 24 महिन्यांचं गळ्यात मारतात, पहिले सहा महिने स्वस्त आणि पुढे चढं, म्हणून पूर्ण दोन वर्षांची बेरीज करून बघ. मुदत संपल्यावर मात्र डिसेंबर 2021 पासून एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं, पूर्वी परत वर्षभर अडकायचो. दारावर टाय लावलेला एखादा गोड बोलणारा फायबर विकायला येईल, तेव्हा सही करू नको. केलीसच तर 14 दिवसांत लेखी रद्द करता येते, ते लक्षात ठेव. राऊटर कंपनीचा भाड्याने घ्यायची सक्ती नाही, स्वतःचा लावता येतो.

तोपर्यंत काय, तर प्रीपेड सिम. आल्डी, लिडलसारख्या किराणा दुकानात मिळतं. ओळख पटवावी लागते, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून. आपला पासपोर्ट कधी चालतो कधी नाही, नाही चालला तर त्यांच्या फॉर्मची प्रिंट घेऊन पोस्टात जायचं, तिथे पाच मिनिटांत होतं.

आणि पक्या, हे जरा सिरीयसली घे. टॉरेंटवरून चोरून पिक्चर उतरवणं नाही म्हणजे नाही. हॉस्टेलवरच्या सवयीने एक पिक्चर उतरवलास तर वकिलाचं पत्र येतं, शेकडो युरोंचं, तारीख-वेळेसकट. लॅपटॉपवर जुनं ते सॉफ्टवेअर पडलेलं असेल तर विमानात बसायच्या आधी काढ, ते आपोआप चालू होतं.

भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नको. बँकेचा ओटीपी त्याच्यावर. निघायच्या आधी रोमिंग चालू करून घे, दुसऱ्या स्लॉटला टाक, डेटा बंद ठेव, आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरला लाव. काही जण सिम घरी बाबांच्या फोनमध्ये ठेवून येतात, मग इथून संध्याकाळी ओटीपी मागायचा आणि तिकडे बाबा झोपलेले, ओटीपी गेला, परत पाठवा. बचत खातंही एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयांतलं खातं) करावं लागतं, ते पुण्यातच उरकून ये, इथून कुरिअरने फॉर्म पाठवण्यात जीव जातो.

टीव्ही-बिव्हीचं फार टेन्शन घेऊ नको. तिकडचं सबस्क्रिप्शन इथे आलं की बरंचसं चालत नाही, हक्क देशादेशाचे वेगळे. आकाशवाणीचं अ‍ॅप चालतं, पण तुझ्याकडे सकाळचे सात म्हणजे इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच. जर्मनसाठी डॉयचे वेले या जर्मन वाहिनीच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐक, फुकट आहेत. शहराच्या लायब्ररीचं कार्ड काढ, त्यावर पेपर-मासिकं मोबाईलवर वाचता येतात.

आता काकूंना सांगायचं आहे ते. डब्बे पाठवायला त्या तयारच असतील. तर, तूप, पेढे, खवा, बर्फी, काही दुधाचं चालत नाही. युरोपाबाहेरून दुधाचं नि मटणाचं आणायलाच बंदी आहे, आंबे आणि कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय नाही. पार्सल घरच्या माणसाकडून भेट म्हणून आणि 45 युरोच्या आत असेल तर कर लागत नाही, पण आत काय आहे ते इंग्रजीत नीट लिहायला सांग, नुसतं "फूड" लिहिलं की कस्टम्सच्या ऑफिसात बोलावतात आणि खोका आपल्यालाच त्यांच्यासमोर उघडायला लावतात. आमच्या मंडळातल्या एका काकांना मेतकूट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, साहेबाने पुडी उघडून वास घेतला, नाक चोळलं, आणि लिहून घेतलं "मसाला". सोडलं पण. चकली, भाजणी, गोडा मसाला बिनधास्त येऊ देत.

इथून तिकडे पत्र टाकायचं तर साधं पाकीट 1.25 युरो, देशातल्या देशात 95 सेंट. तिकीट नसेल तर पोस्टाच्या अ‍ॅपवर पैसे भरायचे, एक कोड येतो, तो पेनाने पाकिटाच्या कोपऱ्यात लिहायचा, झालं तिकीट! आईला मी दर महिन्याला एक पाठवतो, तिला तो हाताने लिहिलेला कोड बघून वाटतं तिकीटच लावलं नाही.

पार्सलसाठी पिवळं पॅकस्टेशनही आहे, म्हणजे आपलं आपण पार्सल काढून घ्यायचं लॉकरचं कपाट, रात्री बारालाही उघडतं, ते तू आलास की दाखवतो. घरी नसलास तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पेटीत चिठ्ठी, म्हणून शेजाऱ्यांशी पहिल्या आठवड्यातच ओळख कर, बिस्किटं-बिस्किटं घेऊन जा.

आज काय कर, घरमालकाला मेल टाक की पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं पहिल्या तारखेआधी लागतील का, आणि तो सहीचा फॉर्म पण त्याच मेलमध्ये माग. त्याचं उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर, जर्मनमध्ये असेल तर मी वाचून सांगतो.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना सांग थंडीचे बूट तिकडून घेऊ नका, इथले बरे.

तुझा,
मन्या