झाडं वाढली म्हणता, पण कुठली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोंगराळ भागातलं वृक्षाच्छादन इतके टक्के वाढलं नाहीतर घटलं, अशा बातम्या मी नेहमी वाचतो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते, टक्का दिलेला असतो पण झाड कुठलं, कुणाच्या जमिनीवर आणि त्याआधी तिथे काय होतं याचा पत्ताच नसतो.

निलगिरीचंच घ्या. नाव एका डोंगररांगेचं, पण झाड ऑस्ट्रेलियातलं, इंग्रजांनी १९व्या शतकात सरपणासाठी आणून लावलेलं. त्या डोंगरांवर मुळात गवताची कुरणं होती आणि घळींमधून शोला म्हणजे तिथल्या बुटक्या सदाहरित जंगलाचे पट्टे. गवतावर निलगिरी आणि वॅटल (ऑस्ट्रेलियातली बाभूळ) उभे केले, वरून बघणाऱ्याला हिरवं दिसतं, पण ओढ्यांचं पाणी कमी झालं, आणि हे तिथे प्रत्यक्ष मोजलेलं आहे.

इथिओपियात तर शहरामुळेच डोंगराचा चेहरा बदलला. अदिस अबाबा १८८६ मध्ये वसलं, लाकडासाठी आजूबाजूची जंगलं भराभर तुटली, म्हणून १८९०च्या दशकात सम्राट मेनेलिकच्या काळात हीच निलगिरी आणली. आता शहर वाढतंय, बांधकामाच्या परांचीला आणि घरांना सरळसोट वासे लागतात, त्यामुळे शेतकरी धान्याच्या रानातच निलगिरी लावतो. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, दरवर्षी नांगरट नको, आणि तोडली की खोडाच्या कडेने धुमारे फुटतात, त्यातले दोनतीन चांगले ठेवून बाकी छाटले की काही वर्षांत परत वासे तयार. पोरं शहरात गेलेल्या घराला याहून सोपं पीक कुठलं मिळणार? पण त्याच मुलखात जुन्या चर्चभोवती अस्सल देशी जंगलाचे छोटे तुकडे उरलेत, आणि नुसत्या टक्केवारीत वाशांची लागवड आणि तो तुकडा दोन्ही एकाच रंगात रंगतात.

व्याख्याच तशी आहे ना. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशेबात अर्धा हेक्टर जागा, ५ मीटर उंचीची झाडं आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त छत्र (फांद्यापानांनी झाकलेली जमीन) असलं की ते जंगल, लावलेली निलगिरी त्यात बसते. फळबाग बसत नाही, पण उपग्रहाच्या चित्रात बागही झाडीच दिसते. मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरात पाइन आणि ओक तोडून अव्होकाडोच्या बागा झाल्या, तिथे नुसतं छत्र मोजून काय कळणार.

उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण माणसं वाढली की झाडं संपतात हे सरसकट खरं नाही. केनियातल्या मचाकोसचे उतार १९३०च्या दशकात धुपून उघडे पडले होते, पुढच्या साठेक वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून जास्त झाली आणि तरी शेतांना ताली पडल्या, बांधांवर झाडं वाढली, कारण नैरोबीचं मार्केट जवळ होतं आणि जमिनीत पैसा घालणं परवडत होतं. नेपाळमध्ये १९९२ मध्ये सुमारे २६ टक्के असलेलं जंगल २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. १९९३च्या वन कायद्याने जंगल गावांच्या हाती आलं हे मोठं कारण, पण माणसं परदेशी कामाला गेली आणि शेतं पडीक राहिली हेही तितकंच खरं. पडीक शेताची आधी ताल ढासळते, मग तण माजतं, मग त्यात उत्तीस (तिथलं अल्डरचं झाड) नाहीतर पाइन उगवतो. जंगल परत आलं म्हणून आनंद आहेच, पण ते कुणाच्या तरी बंद पडलेल्या शेतावर उभं आहे हेही बातमीत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विनंती एवढीच, यापुढे अशी आकडेवारी छापाल तेव्हा लागवड, बाग, बांधावरची झाडं, पडीक रानातली झाडी आणि मूळचं जंगल हे वेगवेगळं द्या, आणि जिथे सरकारी अहवालात ते वेगळं केलेलं नसेल तिथे बातमीत तसं स्पष्ट लिहा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक