पावलीवरची राणी

॥ श्री ॥

डेल्फ्ट,
३० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इथे नेदरलँड्समध्ये जुनी माणसे त्यांच्या पूर्वीच्या युलियाना राणींचे नाव निघाले की घरातल्या एखाद्या मावशीबद्दल बोलावे तशी बोलतात, असे मी मागच्या रविवारी फोनवर सांगितले, तेव्हा तुम्ही हसून विचारलेत, "राणी आणि साधी, हे दोन शब्द एका वाक्यात बसतात का?" मला चटकन उत्तर सुचले नाही. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेलेल्या माणसाची ऐकीव गोष्टींवर बोळवण करणे बरे नव्हे, म्हणून गेले काही दिवस थोडे वाचले, थोडे फिरले, आणि आज त्यांच्या जन्मदिवशीच पत्र लिहायला बसले आहे.

तीन दिवसांपूर्वी इथे 'राजदिन', म्हणजे राजाच्या वाढदिवसाचा सण, झाला. त्या दिवशी लोक घरातले जुनेपाने सामान चादरीवर मांडून रस्त्यावर विकायला बसतात. एका सात-आठ वर्षांच्या मुलाकडे बिस्किटांच्या डब्यात जुनी नाणी होती. त्यांतले एक पंचवीस सेंटचे मी घेतले. युरो येण्यापूर्वीच्या गिल्डरचा हा चौथा हिस्सा, म्हणजे आपली पावलीच, आणि तिचे इथले नावही 'चौथा'वरूनच पडलेले आहे. आकाराने आपल्या जुन्या पावलीएवढी, निकेलची, आणि त्यावर युलियाना राणींचा नुसता चेहरा आहे. डोक्यावर मुकुट नाही. आधी मला वाटले, जागा पुरली नसेल. पुढे समजले की या देशात राजाच्या डोक्यावर मुकुट कधी चढवतच नाहीत. राज्यारोहणाच्या वेळी तो शेजारच्या मेजावर ठेवलेला असतो आणि राजा फक्त राज्यघटनेची शपथ घेतो.

युलियानांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी हेगच्या राजवाड्यात झाला. त्यांच्या आई विल्हेल्मिना राणींच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती, मधल्या काळात गर्भपाताची दुःखे सोसून झाली होती, आणि मूल झाले नाही तर गादी कोणा जर्मन राजपुत्राकडे जाईल या धास्तीने सारा देश त्या पाळण्याकडे डोळे लावून बसला होता. अशा एकुलत्या एक मुलीचे बालपण कसे गेले असेल हे वेगळे सांगायला नको. पोर एकटी पडू नये म्हणून राजवाड्यातच छोटासा वर्ग काढण्यात आला आणि त्यात तिच्या वयाच्या तीन मुली आणून बसवल्या. वर्गात मैत्रिणी तीनच, आणि त्याही नेमून दिलेल्या! मला वाटते, पुढे आयुष्यभर त्यांना चारचौघांत मिसळण्याची जी ओढ लागली, तिचे मूळ या चार बाकांच्या वर्गात असावे.

१९२७ साली त्या लायडनच्या विद्यापीठात गेल्या आणि काही मैत्रिणींबरोबर कॅटवाइक या समुद्रकाठच्या कोळीवस्तीच्या गावात घर करून राहिल्या. रीतसर परीक्षा देऊन पदवी मिळवणे भावी राणीला शक्य नव्हते, म्हणून १९३० साली विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली आणि ती प्रदान केली योहान हुइझिंगा यांनी. मध्ययुगावर लिहिणारे, आपल्या कपाटातल्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे लेखक, तेच हे. हे वाचल्यावर मला आधी तुमचीच आठवण झाली.

१९३७ साली जर्मन राजपुत्र बर्नहार्ड यांच्याशी लग्न झाले आणि पुढे चार मुली झाल्या. थोरल्या दोघी अगदी लहान असताना मे १९४० मध्ये जर्मन फौजा घुसल्या. त्यांना घेऊन युलियाना आधी इंग्लंडला आणि पुढच्याच महिन्यात कॅनडाला गेल्या. आई लंडनमधून रेडिओवर देशाला धीर देत होती, नवरा बहुतेक काळ तिथेच होता, आणि ओटावात ही भावी राणी मुली सांभाळत होती. १९ जानेवारी १९४३ रोजी तिसरी मुलगी मारग्रीत तिथल्याच सरकारी इस्पितळात जन्मली. तिला जन्माने कॅनडाचे नागरिकत्व लागू नये म्हणून कॅनडा सरकारने प्रसूतीच्या खोल्यांवरचा आपला अधिकार तेवढ्यापुरता सोडला होता. बाळंतपणासाठी देशाने आपली जमीन सोडल्याचे दुसरे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल तर अवश्य कळवावे. युद्ध संपल्यावर युलियानांनी ओटावाला ट्यूलिपचे १,००,००० कंद पाठवले. दरवर्षी कंद पाठवण्याचा तो रिवाज अजून चालू आहे आणि ओटावात त्या फुलांचा मोठा उत्सव भरतो.

६ सप्टेंबर १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये त्यांनी शपथ घेतली. त्या भाषणातले एक वाक्य इथे अनेकांना पाठ आहे: "मी अशी कोण, की हे मला करता यावे?" बायबलमध्ये दावीद राजा देवापुढे असेच काहीसे म्हणतो, तिथून ते आलेले आहे. मुकुटाच्या शेजारी उभे राहून बोलण्याचे हे वाक्य नव्हे. पण शपथ घेतानाही ज्यांना हा प्रश्न पडला, त्यांना पुढची ३१ वर्षे तो पडत राहिला असावा असे मला वाटते.

तुम्ही विचारण्याआधीच सांगते, राज्य साम्राज्याचे होते आणि हात स्वच्छ नव्हते. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर डच सैन्याने तिथे चार वर्षे रक्त सांडले होते, आणि त्याचे शेवटचे मोठे आक्रमण युलियाना गादीवर आल्यावरच झाले. २७ डिसेंबर १९४९ रोजी ॲमस्टरडॅमच्या राजवाड्यात इंडोनेशियाचे नेते मोहम्मद हट्टा यांच्यासमोर त्यांनी सत्तांतराच्या दस्तऐवजावर सही केली. ही सही त्यांच्या मनाने झाली की वेळच तशी आली, यावर तुम्ही आणि मी एक दुपार घालवू शकू.

मात्र त्यांचे खरे राज्य लोकांच्या मनावर सुरू झाले ते १९५३ च्या पुराने. ३१ जानेवारीच्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येकडचे वादळ एकाच वेळी आले, नैऋत्येकडच्या झेलँड प्रांताचे समुद्रबांध फुटले आणि सकाळपर्यंत बेटेच्या बेटे पाण्याखाली गेली. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे बुडाली. राणी लगेचच पूरग्रस्त भागात पोहोचल्या. रबरी बूट, डोक्याला बांधलेला रुमाल, अंगात साधा कोट, आणि चिखलातून चालणे. तो फोटो मी औवरकर्कच्या पूर-संग्रहालयात पाहिला. शेवटचे भगदाड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बुडवून बुजवले होते आणि आज संग्रहालय त्या पेट्यांच्या पोटातच आहे. आत ओल आणि गारठा असतो. तिथे उभी असताना मला २०१९ चा आपला श्रावण आठवला, आयर्विन पुलाला टेकलेली कृष्णा आठवली, माडीवर हलवलेली तुमची पुस्तके आठवली, आणि पाणी ओसरल्यावर आलेल्या मोठ्या माणसांच्या आधी त्यांचे छायाचित्रकार कसे येऊन जागा धरत होते, तेही आठवले. राणींचाही फोटो कोणीतरी काढलाच होता, हे मान्य. पण त्यातल्या दोन बायका राणीकडे न बघता एकमेकींशी बोलत आहेत, आणि राणी मान वाकवून त्यांचे ऐकत आहेत. मला तो फोटो खरा वाटला तो एवढ्यामुळे.

त्यांना 'महाराणीसाहेब' म्हटलेले आवडत नसे. 'मेव्हराउ' म्हणा, असे त्यांचे सांगणे असे. हा शब्द म्हणजे शाळेतल्या बाईंना आपण 'बाई' म्हणतो ना, त्याच्या जवळचा. सायकल चालवत, मुलींना बाहेरच्या शाळेत घालत. दर ३० एप्रिलला सूस्टडाइकच्या त्यांच्या पांढऱ्या वाड्यासमोरून लोकांची रांग जात असे, हातांत फुले, केक, आपापल्या गावची काही खासियत, आणि पायऱ्यांवर त्या सहकुटुंब तासन्तास उभ्या राहत. आमच्या शेजारच्या आजी सहा वर्षांच्या असताना त्या रांगेत होत्या. राणी काय बोलल्या हे त्यांना मुळीच आठवत नाही. आठवते ते एवढेच, की हायसिंथची फुले ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, शाई हाताला लागली होती, आणि त्याच हाताशी राणींनी हस्तांदोलन केले.

आता दुसरी बाजू, कारण एवढ्यावर थांबले तर तुम्ही 'बखर लिहिलीस' असे म्हणाल. एकतर त्या काळी जगातल्या अतिश्रीमंत बायकांत त्यांची गणना होत असे. ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याला साधेपणा स्वस्त पडतो, हा तुमचा नेहमीचा मुद्दा इथे चपखल बसतो. पण साधी बाई म्हणजे नमती बाई असा मंत्र्यांचा समज असेल, तर तो लवकरच उतरला. ॲमस्टरडॅममधल्या जर्मन सुरक्षा पोलिसांचा प्रमुख विली लागेस याला फाशीची शिक्षा झाली होती, आणि १९५२ साली राणींनी तिच्यावर सही करायला नकार दिला. त्या माणसाच्या हुकमाने किती घरे उजाडली होती! लोक संतापून रस्त्यावर आले. घटनेप्रमाणे राणीने मंत्र्यांचे ऐकायचे असते, तरी त्या हलल्या नाहीत आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. मी या प्रसंगावर बराच विचार केला. ज्यांची माणसे गेली त्यांच्या जागी मी असते तर मला ही दया सोसली नसती. तरीही ज्या हाताने सही करायची तो हात कोणाचा आहे हे विसरायला त्यांनी नकार दिला, ही गोष्ट मला त्या रबरी बुटांहून मोठी वाटते.

हाच हट्ट त्यांना एकदा फार महाग पडला. गरोदरपणात जर्मन गोवर झाल्यामुळे धाकटी क्रिस्तिना जन्मतः जवळजवळ आंधळी होती. प्रार्थनेने रोग बरे करते म्हणवणाऱ्या ग्रेट हॉफमन्स नावाच्या बाईंना बर्नहार्ड यांनीच वाड्यावर आणले. मुलीचे डोळे काही सुधारले नाहीत, पण आईला त्या बाईंचा आधार वाटू लागला. पुढे शांततावादी मंडळींच्या बैठका, नवराबायकोत दुफळी, दरबारात दोन तट. १९५६ साली 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने सगळे छापले, तेव्हा सरकारच्या विनंतीवरून इथली वर्तमानपत्रे गप्प बसली होती. तीन ज्येष्ठांची समिती नेमावी लागली. हॉफमन्स यांच्याशी संबंध तुटला, राणींची विश्वासाची माणसे गेली, संसार कसाबसा टिकला. आजारी लेकरापायी देवऋषाच्या दारात गेलेली शहाणी आई तुम्ही आणि मी आपल्या गावातही पाहिली आहे, म्हणून मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

मुलींच्या लग्नांनीही घोर लावला. इरेने कॅथलिक झाली आणि १९६४ साली स्पेनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या घराण्यात तिने लग्न केले. रोममधल्या त्या लग्नाला आईवडील गेले नाहीत. १९६६ साली थोरल्या बेआट्रिक्सने जर्मन वराशी लग्न केले, तेव्हा लग्नाच्या मिरवणुकीवर धुराचे गोळे पडले. नंतर तोच जावई देशाचा लाडका झाला, हे सोडा.

सगळ्यांत जड गेले असेल ते १९७६. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीकडून बर्नहार्ड यांच्यासाठी ११ लाख डॉलर गेल्याचे प्रकरण बाहेर आले. खटला भरला असता तर राणींनी गादी सोडली असती, हे पंतप्रधान डेन आउल यांना पुरते माहीत होते. खटला झाला नाही. बर्नहार्ड यांची पदे गेली आणि गणवेश घालण्याची मनाई झाली. पैसे घेतल्याची कबुली त्यांनी दिली ती स्वतःच्या मृत्यूनंतर छापलेल्या मुलाखतीत. इथे मात्र मी राणींच्या बाजूने उभी राहू शकत नाही, बाबा. गरिबाच्या नवऱ्याला ही सवलत मिळाली नसती.

आणि तरी लोकांचा जिव्हाळा आटला नाही. ३० एप्रिल १९८० रोजी, ७१ व्या वाढदिवशी, त्यांनी गादी सोडली आणि ॲमस्टरडॅमच्या सज्जातून नव्या राणीची, म्हणजे बेआट्रिक्सची, ओळख करून दिली. त्याच वेळी शहरात घरांच्या टंचाईवरून दंगल पेटलेली होती. त्यानंतर युलियानांनी पुन्हा 'राजकन्या' हीच पदवी घेतली. बेआट्रिक्स यांचा वाढदिवस जानेवारीच्या थंडीत येतो, शिवाय आईचा मान राहावा, म्हणून 'राणीदिन' त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत ३० एप्रिललाच राहिला. म्हातारपणी युलियानांची स्मृती गेली. २० मार्च २००४ रोजी, ९४ व्या वर्षी, त्या सूस्टडाइकलाच वारल्या.

त्यांना ठेवले आहे ते आमच्या डेल्फ्टच्या चर्चखाली. राजघराण्याचे तळघर लोकांना खुले नसते, वर फक्त एक मोठी फरशी दिसते. दर गुरुवारी चर्चसमोरच्या चौकात बाजार भरतो आणि मी तिथूनच कांदे-बटाटे घेते. काल थोडी मेथीही मिळाली, पण तिला आपल्या मेथीचा वास नाही.

पावली पाकिटात जाड कागदात चिकटवून ठेवली आहे, फाडताना सांभाळून. आईला नमस्कार सांगावा आणि तिच्या गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते कळवावे. नदीचे पाणी जूनमध्ये किती चढते, तेही लिहावे.

आपली,
माई